मान-खांद्याचं जुनं दुखणं: ताण देऊन भागत नाही, मग ऑफिसात नेमका कोणता व्यायाम?

पासबुक

आमच्या सहकारी बँकेच्या शाखेत काउंटर उघडण्याआधी रोज दहा मिनिटांचा व्यायाम चालतो. माणसं १४, त्यांत ९ बायका, वयं २६ ते ५७. यांतल्या आठ जणांची मान आणि खांद्याचा वरचा भाग तीन महिन्यांहून जास्त दुखतो आहे. जागा बहुतेकांची एकच, मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकापर्यंत. बोटाने दाबलं की दोरीसारखा ताठ पट्टा हाताला लागतो. सकाळी बरं असतं, जेवणानंतर भरून येतं, मार्च-एन्डला रात्रीही ठणकतं.

सध्या करतो ते असं: मान पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे दहा-दहा वेळा, मग मान गोल फिरवणं, कान खांद्याकडे नेऊन २० सेकंद ताण, खांदे फिरवणं, आणि ज्यांना जमतात त्यांचे सहा सूर्यनमस्कार. पाच महिने झाले. करताना छान वाटतं, पण अर्ध्या तासात पहिले पाढे पंचावन्न.

विचारायचं ते असं. दहाच मिनिटं हातात असतील तर त्यात काय बसवावं? वजन किंवा रबरी पट्टा वापरायचा तर किती किलोचा, किती वेळा? बायका साडीत असतात, जमिनीवर झोपायला जागा नाही. आणि यांतल्या कोणाला व्यायाम देऊ नये, आधी डॉक्टरकडेच पाठवावं, हे कसं ओळखायचं?

कोयना (फिजिओथेरपिस्ट)

वर्णन इतकं नेमकं दिलंत म्हणून थेट मुद्द्यावर येते. तुमच्या दहा मिनिटांत ताण आहे, हालचाल आहे, पण स्नायूला काम नाही. म्हणून आराम अर्ध्या तासाचा.

तुम्हाला लागणारा ताठ पट्टा म्हणजे ट्रॅपेझियस स्नायूचा वरचा भाग. टाइप करताना, माउस धरताना हा स्नायू आपल्या ताकदीच्या अगदी थोड्या अंशावर काम करतो, पण तासन्‌तास करतो. स्नायूतले सगळे तंतू एकदम कामाला लागत नाहीत. आधी बारीक, चिवट तंतू लागतात आणि तेच शेवटपर्यंत लागलेले राहतात. स्वीडनच्या हेग यांनी १९९१ मध्ये हे मांडलं. त्याला सिंड्रेला सिद्धान्त म्हणतात, कारण हे तंतू सगळ्यांत आधी उठतात आणि सगळ्यांत शेवटी निजतात. ताण दिल्याने त्यांना क्षणभर सैल वाटतं, पण पुन्हा खुर्चीवर बसलात की तीच पाळी त्यांच्यावरच. स्नायू एकूणच बळकट झाला की तेच काम त्याला कमी अंशात झेपतं.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. फिनलंडमध्ये २५ ते ५३ वयाच्या, ऑफिसात काम करणाऱ्या आणि मान जुनी दुखणाऱ्या १८० बायकांवर वर्षभराचा अभ्यास झाला. २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने मान आणि खांद्यांसाठी ताकदीचे व्यायाम केले, दुसऱ्याने हलक्या वजनावर जास्त आवर्तनं केली, तिसऱ्याला फक्त ताण आणि चालण्यासारखे व्यायाम सांगितले. पहिल्या दोन्ही गटांचं दुखणं तिसऱ्यापेक्षा स्पष्ट कमी झालं. ताकदीच्या गटात मान पुढे वाकवण्याची शक्ती ११० टक्क्यांनी, वळवण्याची ७६ आणि मागे नेण्याची ६९ टक्क्यांनी वाढली. तुमचा गट आज त्या तिसऱ्या गटाच्या जागी आहे.

तुमच्या वेळेत आणि जागेत बसणारा एक व्यायाम निवडायचा तर मी रबरी पट्ट्याने हात बाजूला उचलणं निवडेन. डेन्मार्कमध्ये १९८ ऑफिस कर्मचाऱ्यांकडून हा एकच व्यायाम आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे करून घेतला. अभ्यास २०११ चा. एक गट रोज फक्त २ मिनिटं करायचा, दुसरा १२ मिनिटं. शून्य ते दहाच्या मापावर, काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत दुखणं २ मिनिटवाल्यांचं १.४ ने आणि १२ मिनिटवाल्यांचं १.९ ने जास्त उतरलं. सहापट वेळ देऊन फरक अर्ध्या गुणाचा. बँकेसाठी २ मिनिटंच घ्या.

कसं करायचं ते नीट सांगते, कारण इथेच चुकतं.

पट्टा साधारण दीड ते दोन मीटर लांब. त्याच्या मधल्या भागावर दोन्ही पायांनी उभं राहायचं, पाय खांद्यांइतके फाकवून. पट्टा तळव्याच्या मध्यभागी यावा, बोटांखाली नको. टोकं हातांना एकदा गुंडाळून घ्या. हात खाली असताना पट्टा जेमतेम ताठ असावा. लोंबत असेल तर पाय आणखी फाकवा.

कोपर किंचित वाकलेलं, अंगठे पुढे. हात अगदी बाजूला नाही, बाजूपासून थोडे पुढे, साधारण ३० अंश. आरशासमोर उभं राहिलात तर दोन्ही मनगटं डोळ्यांच्या कडेने दिसतात, तेवढे पुढे. दोन सेकंदांत हात खांद्याच्या उंचीपर्यंत न्या, त्याहून वर नको. दोन-तीन सेकंदांत सावकाश खाली आणा. खाली आल्यावर खांदे खरंच सोडून द्या, मग पुढचं.

एका आवर्तनाला चार-पाच सेकंद धरले तर दोन मिनिटांत २५ ते ३० होतात. पट्टा असा निवडा की पहिल्या आठवड्यात १५ च्या आसपास हात जड व्हावेत. पहिला आठवडा १२ वर थांबा, दमायची घाई नको. दुसऱ्या आठवड्यापासून जोवर ढंग बिघडत नाही तोवर, पण दोन मिनिटांच्या आत. सलग तीन दिवस पूर्ण दोन मिनिटं जमलं की पुढचा पट्टा. रंगाच्या नावाने मागवू नका, प्रत्येक कंपनीचा लाल वेगळा. कमी, मध्यम आणि जास्त ताणाचा एकेक घेऊन माणसांवर बसवून पाहा.

चुका: हात उचलताना खांदे कानांकडे जाणं (मग सगळा भार पुन्हा त्याच दुखऱ्या पट्ट्यावर), हनुवटी पुढे सरकणं, कंबर मागे कलवून झोका देणं, आणि पट्टा खाली सटकन सोडणं. खाली येतानाचं काम टाळलं तर अर्धा व्यायाम वाया.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दंड आणि खांदे आंबतील. ते व्यायामाचं दुखणं, दोन-तीन दिवसांत जातं. मूळ दुखण्यासाठी नियम असा: व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत वाढलं तरी चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते पूर्वीच्या पातळीला आलंच पाहिजे. नाही आलं तर पट्टा हलका करा, व्यायाम बंद करू नका. तीन-चार आठवड्यांपर्यंत फरक कळला नाही म्हणून सोडणारे पुष्कळ असतात. दहा आठवड्यांनी हिशेब करा.

डॉक्टरकडे कोणाला पाठवायचं ते स्वतंत्र लिहिते, तो भाग घाईत लिहिण्यासारखा नाही.

खवाटा (ताकदीच्या व्यायामाचा प्रशिक्षक)

कोयना यांच्याशी सहमत. ज्यांना आठवड्यातून तीन दिवस घरी २० मिनिटं देता येतील त्यांच्यासाठी भर घालतो. डेन्मार्कमधल्याच २००८ च्या एका अभ्यासात ट्रॅपेझियस दुखणाऱ्या ४२ बायका होत्या. एका गटाला वजनाचे पाच व्यायाम, एकाला पायांनी चालवायची व्यायामाची सायकल, दोन्ही २० मिनिटं, आठवड्यातून तीनदा, दहा आठवडे. सायकलने थोडा वेळ बरं वाटलं, वजनाच्या गटाचं दुखणं पुष्कळ उतरलं आणि उतरलेलं टिकलं. ते पाच व्यायाम असे, सुरुवातीची वजनं माझ्या अंदाजाने, कधीच व्यायाम न केलेल्या बाईसाठी:

खांदे उचकणं: हात सरळ खाली, प्रत्येक हातात ४-५ किलो. खांदे सरळ वर कानांकडे, एक सेकंद थांबून सावकाश खाली. गोल फिरवायचे नाहीत.

एका हाताने वजन ओढणं: एक हात आणि एक गुडघा पलंगावर टेकवून, पाठ टेबलासारखी सपाट. ४-५ किलो. कोपर कमरेच्या दिशेने न्यायचं, काखेच्या दिशेने नाही.

वाकून पंख उघडणं: छाती पालथी, पुढे झुकून, दोन्ही हात बाजूला उघडायचे. १ किलो पुरे.

हात बाजूला उचलणं: वर कोयना यांनी सांगितलंय तेच, पट्ट्याऐवजी १ किलो.

उभ्याने वजन वर ओढणं: मांड्यांपासून छातीच्या खालच्या कडेपर्यंत, २-३ किलो. खांद्यात टोचलं तर हा व्यायाम सरळ वगळा, बाकीचे चार पुरतात.

प्रत्येकी ८ ते १२ आवर्तनांचे तीन सेट, मध्ये एक-दीड मिनिट विश्रांती. शेवटची दोन आवर्तनं कष्टाने व्हायला हवीत. बारावं सहज होत असेल तर ते वजन म्हणजे हात हलवणं झालं.

डंबेल विकत घ्यायची घाई नको. लिटरची भरलेली बाटली म्हणजे १ किलो. खांदे उचकायला आणि ओढायला पाच किलोची कणकेची पिशवी मजबूत कापडी पिशवीत घालून चालते. बाटलीचा खरा फायदा वजन वाढवताना कळतो. दुकानात १ च्या पुढे थेट २ किलोचं डंबेल मिळतं. हात बाजूला उचलण्यात ते एकदम दुप्पट झालं, आणि तिथेच माणसं खांदा दुखावून घेतात. दोन लिटरच्या बाटलीत सव्वा लिटर, मग दीड, मग पावणेदोन असं पाणी वाढवत न्या. तिन्ही सेटमध्ये १२ आवर्तनं लागोपाठ दोन दिवस स्वच्छ झाली की पाव लिटर पाणी.

सूर्यनमस्कारांबद्दल. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत ते नेले, महाराष्ट्राच्या अंगवळणी पडले, आणि व्यायाम म्हणून उत्तमच आहेत. पण बाराही स्थिती पाहा: हात ढकलतात, कुठेही ओढत नाहीत. दोन खवाट्यांच्या मधले स्नायू ओढण्याने तयार होतात. जोर-बैठकांचंही तसंच. मल्लखांबात ओढणं भरपूर आहे, पण ते बँकेत शक्य नाही. म्हणून नमस्कार ठेवा, त्यांच्या जोडीला ओढण्याचा एक तरी व्यायाम घ्या. ऑफिसात पट्टा खिडकीच्या पक्क्या गजाला अडकवून, छातीच्या उंचीवर, कोपरं बरगड्यांना घासत मागे ओढायची. १५ वेळा, पाऊण-एक मिनिट लागतं.

पासबुक

दोघांचे आभार. काल चार जणांवर करून पाहिलं. तीन अडचणी आल्या.

एक, चप्पल गुळगुळीत असल्याने एकीचा पट्टा पायाखालून सटकला आणि हनुवटीला लागला. दोन, ५१ वर्षांच्या एका सहकारी बाईंचा उजवा हात ६०-७० अंशांच्या वर जातच नाही, मधुमेह आहे. तीन, एका तरुण कॅशियरला मान गोल फिरवताना उजव्या अंगठ्यापर्यंत मुंग्या जातात. त्याला पट्टा द्यावा का?

कोयना

आधी पट्टा. तो डोळ्यालाही लागू शकला असता. अनवाणी किंवा खाचदार तळ असलेल्या बुटांतच करा. साडीचा घोळ पट्ट्याखाली येऊ देऊ नका, कापडावरून तो जास्त सटकतो. उभं राहणं नकोच असेल तर पट्टा खुर्चीच्या बैठकीखालून घेऊन बसून करता येतं, फक्त खुर्ची चाकांची नको आणि हाताच्या दांड्यांचीही नको.

५१ वर्षांच्या बाई: कोपर ९० अंशांत वाकवून बरगडीला टेकवा आणि तळहात बाहेरच्या बाजूला वळवून पाहा. डाव्याच्या तुलनेत उजवा फारच कमी वळत असेल, दुसऱ्याने धरून वळवला तरी अडत असेल, तर तो गोठलेला खांदा (फ्रोझन शोल्डर) असण्याची शक्यता मोठी. मधुमेहात तो जास्त आढळतो. खांदा उचलताना मान वर ओढली जाते, म्हणून तक्रार मानेची वाटते. त्यांना हात उचलण्याचा व्यायाम देऊ नका, खांद्यासाठी दाखवा. खांदे उचकणं मात्र त्या करू शकतील.

कॅशियर: मान गोल फिरवणं त्याच्यासाठी आजपासून बंद, आणि खरं तर सगळ्यांसाठीच. मान मागे आणि त्याच वेळी एका बाजूला गेली की त्या बाजूचं, मज्जातंतू बाहेर पडण्याचं छिद्र अरुंद होतं. त्यातून अंगठ्याकडे मुंग्या आल्या तर मानेतल्या सहाव्या मज्जातंतूच्या मुळाचा संशय घ्यायचा, मधल्या बोटाकडे आल्या तर सातव्याचा. मात्र रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर अडचण बहुधा मनगटात आहे. त्याची तपासणी आधी होऊ द्या. हाताची ताकद शाबूत असेल तर पुढे तोही व्यायाम करेल, पण हलका आणि तपासणाऱ्याच्या सल्ल्याने.

आता थांबायच्या खुणा. यांतलं काहीही असेल तर व्यायाम नाही, डॉक्टर:

हातातल्या वस्तू निसटणं, ब्लाउजचे हूक किंवा शर्टाची बटणं लावताना बोटं गोंधळणं, अक्षर बदलणं, चालताना तोल जाणं, पाय जड वाटणं, लघवी-शौचावरचा ताबा बिघडणं. हा मज्जारज्जूवर दाब असू शकतो आणि यात मान फारशी दुखतही नाही, म्हणून तो निसटतो. तुमच्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला बटणांचा प्रश्न मुद्दाम विचारा. वीस-वीसच्या नोटा मोजताना अलीकडे अडखळायला होतं का, हा बँकेपुरता त्याचाच दुसरा प्रश्न.

पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं. ताप, कारण नसताना वजन घटणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, विश्रांतीतही न थांबणारं रात्रीचं दुखणं.

पूर्वी कधीच झालं नाही असं अचानक उठलेलं मानेचं किंवा डोक्याचं तीव्र दुखणं, सोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं, गिळायला त्रास. हे तडक रुग्णालयाचं काम, फिजिओथेरपिस्टचं नाही. तसंच मान, जबडा आणि डावा हात चालताना किंवा जिना चढताना दुखत असेल आणि थांबल्यावर बरं वाटत असेल तर हृदयाची तपासणी आधी.

यावरून एक कळकळीची विनंती. दाढी-कटिंग झाल्यावर मान धरून कडकन मोडून घेऊ नका. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीच्या आतल्या अस्तराला त्या झटक्याने चीर पडू शकते, त्यातून पक्षाघात होतो. असं क्वचित होतं हे खरं, पण बदल्यात मिळतो तो पाच मिनिटांचा हलकेपणा.

आणि घरी करायला जमिनीवरचा एक व्यायाम, ऑफिसात तुमची अडचण आहे म्हणून. मानेच्या पुढच्या बाजूला, अन्ननलिकेच्या मागे, मणक्यांना चिकटून खोल स्नायू असतात. जुन्या दुखण्यात ते मागे पडतात आणि बाजूचे वरवरचे स्नायू त्यांचं काम ओढून नेतात.

उताणं झोपा, गुडघे वाकवून. डोक्याखाली टॉवेलची इतकी घडी की कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतील. दात सुटे, जीभ टाळूला. आता मनात अगदी बारीक ‘हो’ म्हणा, म्हणजे हनुवटी गळ्याकडे जेमतेम सेंटिमीटरभर येईल. डोकं उचलायचं नाही, मागेही दाबायचं नाही, टॉवेलवरच जागच्या जागी फिरल्यासारखं. १० सेकंद धरा, श्वास चालू. असं १० वेळा. एका हाताची बोटं मानेच्या बाजूला ठेवा. तिथली जाड दोरी टरारून उठली तर जोर जास्त झाला, निम्मा करा. हा व्यायाम मेहनतीचा वाटत नाही म्हणून लोक जोर लावतात आणि नेमके चुकीचे स्नायू घोटतात. दहा सेकंदांची दहा जमायला काहींना तीन आठवडे लागतात. जमली की त्याच स्थितीत डोकं बोटभर उचलून ३ ते ५ सेकंद.

खुर्चीवर बसून करायचं असेल तर कपाळावर तळहात ठेवून चार आणे जोराने ढकला, मान हलू देऊ नका, ७-८ सेकंद. तसंच मागून आणि दोन्ही बाजूंनी. दोन आठवड्यांनी आठ आणे. पूर्ण रुपया कधीच लावायची गरज नाही.

घाटमाथा (कामाच्या जागांची पाहणी आणि बदल)

व्यायामाचं वर आलंच आहे. बँकेच्या काउंटरचं सांगतो, कारण तिथली मांडणी आयटीवाल्यांसारखी नसते आणि त्यांचे सल्ले तिथे लागू पडत नाहीत.

ग्राहक समोर असतो, म्हणून मॉनिटर कोपऱ्यात ढकललेला असतो. दिवसभर मान ३०-४० अंश एका बाजूला. उंची, टेकू, उशी यांवर खर्च करण्याआधी मॉनिटर आणि कीबोर्ड समोर घ्या, ग्राहक तिरका राहू द्या. ग्राहकाशी बोलताना मान वळते ती क्षणभर, पडद्याकडे तासभर.

व्हाउचर टेबलावर सपाट, कीबोर्डच्या डावीकडे. दर नोंदीला मान खाली-डावीकडे आणि परत वर. क्लिपबोर्डला मागून टेकू देऊन कीबोर्ड आणि पडद्याच्या मध्ये उभा करा. खर्च जवळजवळ शून्य, आणि रोजची शेकडो हेलपाटी वाचतात.

माउस: आकड्यांच्या कळांचा गठ्ठा उजवीकडे असल्याने माउस आणखी उजवीकडे जातो, दंड शरीरापासून सुटतो आणि तोच तुमचा ताठ पट्टा दिवसभर हात तोलत बसतो. आकडे तर उजव्या हातानेच टाकायचे. मग माउस डाव्या हाताला घ्या. पहिले आठ-दहा दिवस जीव नकोसा होतो, मग बसतं.

टेबलं साधारण ७५ सेंमी उंच. पाच फुटांच्या बाईंची कोपरं बसल्यावर त्याहून बऱ्यापैकी खाली असतात, म्हणून खांदे उचलून टाइप केलं जातं. खुर्ची वर करा, कोपरं टेबलाच्या पातळीला आणा आणि लोंबणाऱ्या पायांखाली पाट किंवा जुन्या लेजरांचा गठ्ठा ठेवा. हातांचा कोपरापुढचा भाग टेबलावर टेकला पाहिजे. हे एक झालं तरी खांदे सुटतात.

चाळिशीनंतर प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवायचा नेहमीचा सल्ला उलटा पडतो. जवळचं त्यांना काचेच्या खालच्या भागातून दिसतं, म्हणून हनुवटी वर करून वाचतात आणि मान मागून दुमडते. त्यांचा मॉनिटर स्टँडवरून काढून थेट टेबलावर ठेवा, किंवा ६०-७० सेंमी अंतरासाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या.

मध्ये-मध्ये थांबायचं ते लांब नको. अर्ध्या तासाने अर्धं मिनिट, दोन्ही हात मांडीवर, खांदे पूर्ण सोडून. कोयना यांच्या त्या न निजणाऱ्या तंतूंना तेवढी झोप द्यावी लागते. टोकन बदलतानाची वेळ यासाठी बरी.

पासबुक

आज हे कागदावर उतरवलं. रोज हलकी हालचाल दोन मिनिटं (गोल फिरवणं बंद), पट्ट्याने हात उचलणं दोन मिनिटं, खिडकीला ओढणं एक मिनिट, मानेला तळहाताचा विरोध दोन मिनिटं, उरलेल्यात नमस्कार. माउस आणि व्हाउचर उद्यापासून.

दोन प्रश्न राहिले. आमच्या ग्रुपवर एक चित्र फिरतंय, मोबाइलकडे मान वाकवली की मानेवर २७ किलो भार येतो. त्याने दोघी इतक्या घाबरल्यात की मान वाकवतच नाहीत. आणि एकाच्या एमआरआयमध्ये मानेच्या मणक्यांमधली चकती बाहेर आल्याचं लिहिलंय, तो गेले चार महिने कॉलर लावून बसतो.

कोयना

२७ किलोचा आकडा २०१४ मधला, मान ६० अंश वाकलेली धरून गणिताने काढलेला. कोणाच्या मानेत माप घेऊन नाही. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं, वाकलं की तरफेमुळे मागच्या स्नायूंवर भार वाढतो हे बरोबर. पण स्नायू भार घेण्यासाठीच असतात. त्रास होतो तो एकाच स्थितीत तासन्‌तास राहिल्याने. मान वाकवायचीच नाही म्हणून ती ताठ धरून बसणाऱ्या बाईचे स्नायू दिवसभर आवळलेले राहतात आणि दुखणं वाढतं. त्या दोघींना सांगा, वाकवा, वळवा, फक्त एका जागी खिळवून ठेवू नका.

एमआरआय: जपानमध्ये १,२११ निरोगी, मानेची तक्रार नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले तेव्हा ८७.६ टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या दिसल्या. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. हातात अशक्तपणा किंवा मुंग्या नसतील तर त्या ओळीचा अर्थ बहुतेक वेळा वयाच्या खुणा एवढाच. कॉलर तीव्र दुखण्यात दोन-चार दिवस ठीक, चार महिन्यांत ती स्नायूंना आणखी दुबळं करते. ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना विचारून, रोज एक-दोन तास कमी करत काढायची. काढलेल्या वेळात तळहाताच्या विरोधाचा चार आण्यांचा व्यायाम.

तुमच्या यादीत एकच बदल. पट्ट्याचा व्यायाम नमस्कारांच्या आधी आहे तो तसाच ठेवा, पण खिडकीला ओढणं आणि हात उचलणं यांच्यामध्ये तळहाताचा विरोध घ्या. एकामागून एक केलं तर दुसऱ्या व्यायामात खांदे दमून वर चढतात.

खवाटा

पट्ट्यांची निगा कोणीतरी एकाने अंगावर घ्या. पट्ट्याचं रबर म्हणजे लॅटेक्स, तो ऊन आणि घामाने चिरतो. खिडकीला लटकवून ठेवलात तर एका उन्हाळ्यात जाईल. वापरून झाला की ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, टाल्कम पावडर चोळून डब्यात गुंडाळी करून ठेवा. दर सोमवारी प्रत्येक पट्टा हातांनी ताणून उजेडासमोर धरा. कडेला नखाएवढीही चीर किंवा पांढरट रेघ दिसली की तो फेकायचा, गाठ मारून वापरायचा नाही. बांगड्या आणि अंगठीच्या खड्याने पट्ट्याला बारीक भोकं पडतात, त्या दोन मिनिटांपुरत्या काढून ठेवायला सांगा. लॅटेक्सने कोणाच्या हातावर पुरळ किंवा खाज आली तर त्यांच्यासाठी लॅटेक्स नसलेला पट्टा मागवा, किंवा पाण्याच्या बाटल्या आहेतच.